नरहरराव बहिरे नव्हते

आमच्या वकील मंडळींनी अलीकडे एक स्मरणिका काढली आहे. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, आणि आत नरहरराव परतूरकरांवर दीड पान. त्या दीड पानात तीन विधाने धादांत खोटी आहेत. नरहरराव उतारवयात बहिरे झाले होते, हे पहिले. भागाबाई धनगरणीचा दावा त्यांनी ऐन मध्यावर सोडला तो समोरच्या पक्षाने फितवल्यामुळे, हे दुसरे. आणि दावा बुडावा याच हेतूने त्यांनी तो आपल्या हाडवैऱ्याच्या गळ्यात टाकला, हे तिसरे. लेखक महाशयांना मी ओळखतो. ज्या दिवसांविषयी ते इतक्या अधिकाराने लिहितात, त्या दिवसांत ते पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होते. मी नरहररावांच्या कचेरीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसत होतो. दारावरच्या पाटीवर त्यांच्या नावाखाली माझे नाव होते. तेव्हा आता माझे ऐकावे.

नरहररावांनी वकिलीची परीक्षा निजामी अमदानीत दिली, आणि अर्थातच उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर कोर्टाची भाषा हळूहळू बदलू लागली, तेव्हा त्यांची चाळिशी उलटून गेली होती. त्या वयात या गृहस्थाने सगळा कायदा मराठीतून पुन्हा पाठ केला. तरी रंगात आले की ‘वादी’ म्हणता म्हणता ‘मुद्दई’ म्हणून जात, आणि स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारून घेत. उंच, शेलाटी मूर्ती. अंगात बंद गळ्याचा कोट. तोंडात कायम एक लवंग. आणि स्वभाव! कायद्याचा एखादा सुंदर मुद्दा सापडला की त्यांना बसवत नसे. खुर्ची मागे सारून उभे राहत, खोलीला दोन-तीन फेऱ्या घालत आणि मला म्हणत, “अरे, ऊठ! असला मुद्दा बसून ऐकतात होय?” मीही उठत असे. आज या वयात, हे लिहितानाही मला बसवत नाही.

त्यांच्याबद्दलचा पहिला गैरसमज कचेरीच्या उंबऱ्यावरच सुरू होई. आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग काम विचारतात. सिल्लोडकडचा शेतकरी ऊन तुडवत आला असेल तर त्याची तेवढीच अपेक्षा असते. नरहरराव त्याला उंबऱ्याबाहेर थांबवत आणि विचारत, “समोर कोण?”

“आँ?”

“भांडण कुणाशी? त्याचं नाव आधी सांगा. तुमचं काही सांगू नका. फक्त त्याचं नाव.”

नाव ऐकल्यावर ते डोळे मिटून क्षणभर उभे राहत. त्या नावाच्या माणसाने पूर्वी कधी त्यांच्यापाशी मन मोकळे केलेले असेल, तर हात जोडून म्हणत, “दुसरीकडे जा. शहरात चांगले वकील पुष्कळ आहेत.” तसे नसेल तर, “या, बसा. पाणी आणा रे!” बाहेर पडलेली माणसे चिडत. एक आजोबा तर रस्त्यात उभे राहून ओरडले होते, “ह्यो कसला वकील! तहानेल्या मान्साला पाणी बी इचारीना!” मी एकदा त्यांना म्हटले, पाणी तरी आधी द्यावे. ते म्हणाले, “पाणी प्यायला की माणूस बसतो, बसला की बोलतो. बोलला की मी बांधला गेलो. मग त्याच्यासाठी लढता येत नाही आणि त्याच्याविरुद्धही लढता येत नाही. जीभ काय, कुणीही आवरील. वकिलाला कान आवरता आले पाहिजेत.”

आता बहिरेपणाकडे येतो.

सिल्लोडला सरकीचा एक बडा व्यापारी होता. त्याचे आपल्या मेहुण्याशी भागीदारीवरून बिनसले. या इसमाने काय करावे? तो औरंगाबादेत उतरला आणि एकेका नावाजलेल्या वकिलाकडे जाऊन आपल्या खटल्याचा थोडाथोडा भाग सांगत सुटला. वकील नेमायचा त्याचा विचारच नव्हता. ज्याने याची हकीकत ऐकली, त्याला मेहुण्याची बाजू घेता येऊ नये, एवढाच डाव. मेहुण्याला सगळ्या शहरात वकील म्हणून मिळायला नको! फिरत फिरत स्वारी आमच्या दाराशी आली.

“समोर कोण?” नरहररावांनी विचारले.

“त्याचं असं झालं बघा वकीलसाहेब, का गेल्या साली आम्ही दोघांनी…”

“नाव!”

“सांगतो की. तर आम्ही दोघांनी असं ठरवलं व्हतं…”

नरहररावांनी दोन्ही कानांत बोटे घातली आणि खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा सुरू केला. व्यापारी आवाज चढवी, तसा पाढाही चढे. पाढा म्हणत म्हणत, दोन्ही कोपरे फाकवून, छातीनेच त्याला रेटत त्यांनी त्याला पायऱ्या उतरवल्या आणि भर रस्त्यावर नेऊन सोडले. समोरचा शिंपी मशीन थांबवून उभा राहिला. पानवाला हातातला चुना विसरला. व्यापाऱ्याने गावभर सांगितले की परतूरकर वकील ठार बहिरा झाला आहे आणि वर वेडाही. दुसऱ्या दिवशी मेहुणा आला, रडकुंडीला आलेला. नरहररावांनी त्याला उंबऱ्यावर नाव विचारले, आत घेतले, पाणी दिले आणि त्याचा दावा चालवला. सगळ्या औरंगाबादेत त्याच्यासाठी एकच कोरा कान उरला होता! आणि स्मरणिकेतले विद्वान त्या कानाला बहिरा म्हणतात.

बहिरेपणाला जोड गर्विष्ठपणाची. रस्त्यात नरहरराव कुठल्याही पक्षकाराला स्वतःहून नमस्कार करत नसत. समोरच्याने केला तरच करत, आणि तोही ‘कोण बरे हे’ असा चेहरा करून. कारण साधे होते. वकिलाने ओळख दाखवली की बघणारा विचारणार, याला वकिलाचे काय काम पडले? माणूस सल्ला घ्यायला आला होता ही गोष्टसुद्धा त्या माणसाची, वकिलाची नव्हे, असे त्यांचे म्हणणे. कुणाबद्दलही छेडले की त्यांचे ठरलेले उत्तर होते, “असेल, नसेल.”

आम्ही चार-पाच वकील एकदा त्यांना घेऊन अजिंठ्याला गेलो आणि फर्दापूरला मुक्काम केला. जेवताना आमची पैज लागली की आज नरहररावांकडून एक तरी सरळ उत्तर काढायचे. एकाने विचारले, “अमके डॉक्टर तुमच्याकडे आले होते म्हणे?” “असेल, नसेल.” दुसऱ्याने कधीच न आलेल्या माणसाचे नाव घेतले. “असेल, नसेल.” शेवटी मी म्हणालो, “नरहरराव, निदान वहिनींनी तरी तुमचा सल्ला कधी घेतलाय का?” त्यांनी घास थांबवला, गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, “असेल, नसेल.” आम्ही हसून हसून पत्रावळीवर कोसळलो. ते मात्र हसले नाहीत. शांतपणे म्हणाले, “एकदा ‘नाही’ म्हटलं ना, की पुढच्या वेळी गप्प बसण्याचा अर्थ ‘होय’ होतो.”

आता मुख्य गोष्ट.

भागाबाई धनगरीण सिल्लोडच्या बाजूची. नवरा वारलेला, दिरांच्या बरोबरीने मेंढरांमागे फिरणारी, वेळ आली तर दिरांना दटावणारी बाई. त्यांच्या कळपाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा चराईचा माळ रंगनाथ काळे नावाच्या जमीनदाराने काटेरी कुंपण घालून बंद केला आणि माळ आमच्या खासगी मालकीचा असे सांगू लागला. माळ गेला असता तर कळप विकावा लागला असता, आणि कळप विकलेला धनगर दुसऱ्याच्या बांधावर मजूर होतो. उंबऱ्यावर भागाबाईने नाव सांगितले, “रंगनाथ काळे.” नरहररावांनी डोळे मिटले. काळे नावाचे कुणी आठवले नाही. “या, बसा.”

दावा छान रंगला. रंगनाथ काळे साक्षीला उभा राहिला आणि नरहरराव उलटतपासणीला. आमच्या बाजूचे धनगर मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते. भागाबाई पुढे, पदर खोचून, जणू कोर्टात नव्हे कुस्तीच्या फडावर आली होती.

“माळ तुमचा खासगी, असं तुमचं म्हणणं?”

“व्हय.”

“तुमच्या वडिलांच्या वेळीही?”

“व्हय की. बापाचाच व्हता.”

“मग वडिलांनी धनगरांना कधी अडवलं का नाही?”

काळे हसला. “बाप भोळा व्हता, साहेब. काळे हे आमचं जुनं आडनाव, ते पोलीस ॲक्शननंतर म्या लावलं. बापाला समदे यशवंता मुकादमच म्हनायचे. ह्याच माळापायी निजामाच्या टायमाला त्यो एकडाव औरंगाबादला कुन्या वकिलाकडं बी गेलता. काय झालं, काय नाय, आमाला कधी बोलला नाय.”

नरहररावांचा हात पुढच्या प्रश्नासाठी वर गेला होता. तो तसाच राहिला. मी दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो. मी त्यांचे ओठ हललेले पाहिले. प्रश्न ओठांपर्यंत आला, आणि मी शपथेवर सांगतो, तो त्यांनी गिळला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले. “परतूरकर?” मग हात खाली आला. “मला या साक्षीदाराला पुढे काही विचारायचं नाही,” नरहरराव म्हणाले. आणि त्यापाठोपाठ, “या दाव्यातून मी मुक्त होऊ इच्छितो. कारण व्यक्तिगत आहे. पक्षकाराला दुसरा वकील नेमायला मुदत मिळावी, ही विनंती.”

मुदत मिळाली. बाहेर येताच मी त्यांना गाठले. “यशवंता मुकादम आपल्याच कचेरीत आला होता ना? माझ्या आधीच्या काळात?”

“असेल, नसेल.”

“अहो, तो मेला! पोराला तर काही माहीतसुद्धा नाही!”

“माणूस मेला म्हणून त्यानं सांगितलेलं बेवारशी होत नाही,” ते म्हणाले. “हे मी सर्वसाधारण बोलतो आहे. नाव कुणाचं घेतलेलं नाही.”

“मग भागाबाईचा दावा मी चालवतो. मी तर काही ऐकलेलं नाही.”

“तू आणि मी एका माठातलं पाणी पितो. तू ऐकलं नसशील, पण कचेरीनं ऐकलं असेल तर?” माझा आवाज चढला, हे मी नाकारत नाही, माझा आवाज आजही चढतो. मी म्हटले की निदान न्यायाधीशांना खरे कारण सांगा, नाहीतर गाव तुमच्या तोंडाला काळे फासेल. त्यावर नरहररावांनी मला दिलेले उत्तर कायद्याच्या कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. “मला काही ठाऊक आहे, पण सांगता येत नाही, असं म्हणणं म्हणजे अर्धं सांगणंच. लोक उरलेलं अर्धं स्वतः रचतील, आणि त्याचा भार त्या काळ्यावर पडेल. त्यापेक्षा माझ्या तोंडाला फासू दे.”

यशवंता मुकादमाने काय सांगितले होते, ते मला ठाऊक नाही. ते काळ्याला बुडवणारे होते की भागाबाईला, हेही ठाऊक नाही. मी ज्या माणसाच्या शेजारी इतकी वर्षे बसलो, त्याच्याविषयी याहून मोठे प्रमाणपत्र मला देता येणार नाही.

भागाबाई संध्याकाळच्या आत कचेरीत आली. उंबऱ्यावर थांबली नाही.

“काहून सोडलं, वकीलसाहेब?”

“बाई, मला तुमच्या बाजूनं लढता येत नाही.”

“काहून? सांगता येत नाय का सांगायचं नाय?”

“सांगायचं नाही.”

“मेंढरू बी कळप सोडून जाताना एकडाव मागं बघतं! तुमी तं भर कोर्टात हात झटकले. काय दिलं काळ्यानं?”

मी ताडकन उठलो. नरहररावांनी माझे मनगट धरून मला खाली बसवले. “विचारू दे. तिला हक्क आहे.” आणि तिच्याकडे वळून म्हणाले, “बाई, मी चांगला वकील सुचवतो.”

“तुमी सुचवलेलं तं आमाला इख बी नको!” आपली कागदपत्रे उचलून ती निघून गेली. नरहररावांनी लवंग तोंडात टाकली. ती बराच वेळ चावलीच नाही.

आता तो ‘हाडवैरी’. मुनव्वर अली वकील, कचेरी शहागंजात. माणूस अव्वल, वकील त्याहून अव्वल. दोघांचे वैर कशावरून? बार रूममध्ये एकदा मुनव्वर अली म्हणाले होते की परतूरकरांच्या उर्दूला जवारीच्या भाकरीचा वास येतो; त्यावर नरहरराव म्हणाले की मुनव्वर अलींची मराठी उलटे जोडे घालून चालते. झाले! तेव्हापासून दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. मध्ये चपराशी ठेवून निरोप देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बार रूम भरलेली होती. काळ्याचा वकीलही तिथेच चहा पीत होता. नरहरराव आत आले, बरोबर मधोमध उभे राहिले आणि भिंतीवरच्या घड्याळाला उद्देशून म्हणाले, “भागाबाई धनगरणीचा दावा मी सोडला आहे. बाई स्टेशनजवळच्या धर्मशाळेत उतरली आहे. तिला वकील नाही.”

मुनव्वर अलींनी पेला खाली ठेवला आणि चपराशाला म्हणाले, “उनकू पूछो, कागदां पूरे हैं क्या?”

“सांग त्यांना,” नरहरराव चपराशाला म्हणाले, “बाईचे आहेत तेवढे सगळे बाईपाशी आहेत.”

“और कुच?”

“आणखी काही नाही.”

मुनव्वर अली त्यांच्याकडे पाहत राहिले. मग सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “उनकू बोलो, मैं पूछताइच नहीं. जिनगीभर नहीं पूछता.”

ऐकलेत ना, स्मरणिकाकार? वैऱ्याच्या गळ्यात दावा टाकला म्हणे! सबंध शहरात हा एकच वकील असा होता, की नरहररावांनी त्याच्या कानात काही फुंकले असा संशय खुद्द काळ्यालाही येऊ शकत नव्हता. म्हणून तो. आणि समोरच्या वकिलाच्या देखत, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवायला नको. मुनव्वर अलींनी ते तत्क्षणी ओळखले. मला ओळखायला रात्र लागली, आणि स्मरणिकेला अजून कळलेले नाही.

मुनव्वर अली स्वतःच धर्मशाळेत गेले. भागाबाईने त्यांना खालपासून वर न्याहाळले आणि एकच प्रश्न विचारला, “तुमी त्या परतूरकराचे दुस्मन ना?”

“हौ.”

“मंग चालंल.”

पुढची हकीकत स्मरणिकेत बरोबर आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. मुनव्वर अली शेरवानी घालून, छत्री घेऊन त्या माळावर स्वतः हिंडले. धनगरांची साक्ष कोर्ट धनगरांची म्हणून सोडून देईल, हे ओळखून त्यांनी साक्षीदार आणले ते काळ्याचेच शेजारी शेतकरी. त्या भागात पेरणीआधी शेतात मेंढ्या बसवतात, लेंड्यांचे खत मिळावे म्हणून. आमंत्रण द्यायला शेतकरी दरसाल कुठे जात होता? त्याच माळावर! त्याचा बापही तिथेच जात होता. एकामागून एक शेतकरी येऊन हेच सांगून गेला, आणि कुंपण काढण्याचा हुकूम झाला.

निकालाच्या दिवशी मी आणि नरहरराव शहागंजातून पायी येत होतो. मुनव्वर अलींच्या कचेरीखाली ढोल घुमत होते. धनगरांनी त्यांना जिन्यावरून खाली ओढून आणले होते आणि भंडारा उधळला होता. काळी शेरवानी, पांढरी दाढी, चष्मा, सगळे पिवळेधमक! अत्तरवाले, कापडवाले दुकानाच्या पायऱ्यांवर येऊन टाळ्या वाजवत होते. भागाबाई मधोमध नाचत होती. मी म्हटले, आपण पलीकडच्या गल्लीने जाऊ. नरहरराव कुठले ऐकतात! रस्त्याच्या या कडेला, सायकलवाल्याच्या टपरीला टेकून ते उभे राहिले. डोळे लकाकत होते. मांडीवर बोटांनी ढोलाचा ठेका धरला होता. “काय साक्षीदार आणले, पाहिलंस?” ते माझा दंड दाबत म्हणाले. “शेजारीच उभे केले! मला सुचलं नसतं. अरे, मला खरंच सुचलं नसतं!”

भागाबाईच्या एका दिराने त्यांना पाहिले. “ते बघा, आलेत बघायला!” तो ओरडला. दोन-चार जण हसले. भागाबाईने मान वळवली, ओळखले, आणि रस्त्यावर थुंकली. मी पुढे झालो. मी आता बोलणार होतो, सगळे बोलणार होतो, ढोलाच्याही वर आवाज काढून. नरहररावांची पकड माझ्या दंडावर आवळली.

तेवढ्यात गर्दीच्या डोक्यांवरून मुनव्वर अलींनी आमच्या बाजूला पाहिले. त्यांनी चष्मा काढला, पिवळा झालेला उजवा हात कपाळापर्यंत नेला आणि सगळ्या शहागंजाच्या देखत कमरेत वाकून सलाम केला. ढोल जरा अडखळले. वकीलसाहेब एवढे कोणाला वाकले, म्हणून सगळे धनगर आणि भागाबाई आमच्याकडे वळून पाहू लागले.

नरहररावांनी चेहरा कोरा केला, आणि तो सलाम आपल्यामागे उभ्या असलेल्या कुणा भल्या माणसाला असावा, तसे वळून मागे पाहिले.